विसर्जनाच्या शनिवारी ‘आजच घरपोच’: इंदिरानगरातल्या एका फुलांच्या दुकानाचं प्रकरण

2025 साली शिक्षक दिन शुक्रवारी आला, दुसऱ्या दिवशी, 6 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी आणि रविवारी पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण. तिथून पुढे थेट पितृपक्ष. फुलांच्या धंद्यातल्या माणसाला पंचांगात याहून आडमुठा आठवडा सापडणं कठीण. शुक्रवार-शनिवार मागणी इतकी की बाजारात माल पुरत नाही, आणि रविवारी दुपारी ग्रहणाचे वेध लागले की हाराकडे बघणारं कुणी नाही. जादा माल घ्यावा तर सोमवारी कचऱ्यात, कमी घ्यावा तर शनिवारी गिऱ्हाईक परत.

या आठवड्यात नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका लहान दुकानानं काय केलं, त्याचा हा तपशील. दुकान नणंद-भावजयीचं. नाव छापू नका असं दोघींनी बजावलंय, म्हणून इथे नणंदेला ताई आणि भावजयीला वहिनीच म्हणतो. दुकानातही त्या एकमेकींना तशीच हाक मारतात. मी त्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे दुकानातले आकडे आणि दुकानातली भांडणं, दोन्ही माझ्यापर्यंत येतात.

दुकान आणि गिऱ्हाईक

कलानगरच्या बाजूला एका इमारतीतला गाळा. पुढे हार-गजऱ्याचं टेबल, मागे बादल्यांची रांग, आणि बंद पडलेल्या एका किराणा दुकानातून उचललेला, कोल्ड्रिंक ठेवायचा काचेच्या दाराचा फ्रिज. सकाळची पूजेची सुटी फुलं, दुर्वा, बेल, तुळस आणि संध्याकाळचे गजरे यांवर गाळ्याचं भाडं निघतं. बुके आणि घरपोच सेवा ही मागाहून झालेली भर. आता नफ्यातला मोठा वाटा तिथून येतो, डोकेदुखीतलाही.

घरपोच फुलं मागवणारं गिऱ्हाईक सहसा इंदिरानगरात राहत नाही. राहतात ते त्याचे आईवडील. मुलगा हिंजवडीला, मुलगी बंगळुरात, कुणी न्यू जर्सीत. इथे बंगल्यात नाहीतर टू-बीएचकेत दोन म्हातारी माणसं आणि कामाला येणारी बाई. पैसे देणाऱ्याला दुकान कधी दिसत नाही, आणि फूल ज्याच्या हातात पडतं त्यानं पैसे दिलेले नसतात. आईला बुके आवडला नाही तरी ती मुलाला सांगत नाही, पोरानं एवढं पाठवलंय तर कशाला उगाच. पण रात्री जेवणं झाली की व्हिडिओ कॉल होतो आणि मुलगा म्हणतो, “आई, दाखव ना.” तिथे गुलाबानं मान टाकलेली दिसली की दुसऱ्या मिनिटाला दुकानाच्या व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट येतो. म्हणजे बुके दारात पोहोचला की दुकान सुटत नाही, रात्री नऊच्या कॉलपर्यंत तो टवटवीत राहिला पाहिजे. दुकानाबाहेरच्या पाटीवर मात्र एवढंच लिहिलेलं होतं: ‘दुपारी 4 पर्यंत सांगा, आजच घरपोच’.

या पाटीवर माझा पहिल्यापासून राग. ती वाचून असं वाटतं की सगळा खेळ मोटारसायकलचा आहे: पोरगा जोरात गेला की झालं. प्रत्यक्षात इंदिरानगरातल्या इंदिरानगरात मोटारसायकल दहा मिनिटांत कुठेही जाते. चार वाजता आलेली ऑर्डर सहाला पोहोचते की नाही हे ठरतं पहाटे पाचला, गणेशवाडीच्या फूलबाजारात.

माल

नाशिकचं जुनं नाव गुलशनाबाद, हे इथला प्रत्येक फुलवाला एकदा तरी ऐकवतो. दिंडोरी तालुक्यात जानोरी-मोहाडीच्या पट्ट्यात पॉलिहाऊसमधला गुलाब होतो, शहरापासून तासाभराच्या आत. पण लांब दांडीचा, एकसारख्या कळीचा माल आधी मोठ्या शहरांच्या गाडीत चढतो. स्थानिक बाजारात येतो तो उरलेला, आणि लग्नाची तिथी किंवा सण असला की तोही हातोहात जातो.

पंचवटीत गणेशवाडीच्या फूलबाजारात दोन वेगळे धंदे चालतात. एक सुट्या फुलांचा: झेंडू, शेवंती, बिजली, गलांडा, देशी गुलाब. हे कॅरेटनं येतं, किलोवर विकलं जातं आणि हारात जातं. दुसरा काडीच्या फुलांचा: डच गुलाब 20 नगांच्या गड्डीत, जरबेरा 10 नगांच्या, निशिगंधाच्या काड्या, कार्नेशन, जिप्सी म्हणजे बुकेत भरायची बारीक पांढरी फुलं. बुके यातून होतो. गणपतीत गंमत अशी होते की पहिल्या बाजारात माल धो-धो असतो आणि भावही चढे असतात, दुसऱ्यात माल मुळात कमी आणि मंडळांच्या सजावटवाल्यांनी आधीच बांधून घेतलेला. भाद्रपदात माल ओला येतो ती अडचण निराळी. ओला झेंडू वजनाला भारी भरतो, पैसे पाण्याचे द्यावे लागतात, आणि कॅरेटच्या तळाला दुसऱ्या दिवशी काळा पडतो.

वहिनी पहाटे ओळखीच्या रिक्षानं जातात. कन्नमवार पुलावरून द्वारका, मुंबई नाका आणि मग इंदिरानगर, हा परतीचा रस्ता. सकाळी सातच्या आत हा पट्टा पार केला तर ठीक, नंतर द्वारकेच्या चौकात किती वेळ जाईल हे द्वारकेलाच ठाऊक. एरवी दुपारी माल कमी पडला तर पोरगा दुसरी फेरी मारून एखाद-दोन गड्ड्या आणतो. दुकानाची ‘4 पर्यंत सांगा’ ही पाटी खरं तर या दुसऱ्या फेरीवर उभी होती. हे दोघींपैकी कुणी कधी असं मांडलं नव्हतं, पण खरेदीच्या चिठ्ठ्या तारखेवार लावल्या की स्वच्छ दिसत होतं. ज्या दिवशी दुसरी फेरी झाली, त्या दिवशी दुपारनंतरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या. नाही झाली, त्या दिवशी फुलं बदलून दिली गेली आणि तक्रारी आल्या.

विसर्जनाच्या दिवशी दुसरी फेरी अशक्य. नाशिकची मुख्य मिरवणूक वाकडी बारवपासून निघते आणि भद्रकाली, मेनरोड, एम.जी. रोड, अशोकस्तंभ, रविवार कारंजा करत गोदाघाटाकडे उतरते. ते रस्ते दुपारपासून बंद. मिरवणूक द्वारकेवरून जात नाही हे खरं, पण गावातून वळवलेली सगळी वाहतूक तिथेच येऊन पडते.

शुक्रवार

शिक्षक दिनाला एकेक गुलाब जातो. क्लासची पोरं घोळक्यानं येतात, प्रत्येकाला सेलोफेनमध्ये गुंडाळलेला एक पाहिजे असतो, आणि सुट्ट्या पैशांवरून घोळ होतो. नफा बरा, पण गुलाबाच्या बादल्या दुपारपर्यंत रिकाम्या. संध्याकाळी दोघी उरलेला माल मोजत होत्या: कार्नेशनची एक गड्डी, थोडा जरबेरा, शेवंती. शनिवारच्या घरपोच ऑर्डरी तोवर यायला लागल्या होत्या. वाढदिवस काही चतुर्दशी बघून येत नाहीत.

भांडण इथे झालं.

“ताई, फोटोतलंच फूल देऊ म्हणून कबूल केलं ना, की उद्या आपण मेलो,” वहिनी म्हणाल्या. “रंग विचारा, पैसे किती घालायचे ते विचारा. फूल मी ठरवणार.”

“अहो वहिनी, लोक फोटो बघूनच पैसे टाकतात.”

“मग फोटोच काढून टाका.”

ताईंना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं चुकीचंही नव्हतं. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगातले ते गुळगुळीत फोटो बघूनच परगावचं गिऱ्हाईक थांबतं. पण फोटो म्हणजे वचन, आणि त्यातली निम्मी फुलं त्या रात्री नाशिकमध्ये मिळण्यासारखी नव्हती. निळं ऑर्किड, ओरिएंटल लिली, एकाच मापाचे चोवीस लाल गुलाब. शेवटी रात्री कॅटलॉग बंद झाला आणि त्या जागी चार ओळी आल्या: उद्या विसर्जन असल्याने त्या दिवशी ताजी फुले जी मिळतील त्यांचाच बुके, 400, 700 किंवा 1100 रुपये, रंग आणि कोणासाठी ते कळवा, सकाळी 11 नंतरच्या ऑर्डरी परवा.

सोबत आणखी दोन गोष्टी ठरल्या. बोगद्याच्या पलीकडे जायचं नाही. इंदिरानगर आणि गोविंदनगर यांच्यामधून मुंबई-आग्रा महामार्ग जातो आणि त्याखालचा बोगदा एरवीच्या संध्याकाळीही गाड्यांनी तुंबलेला असतो. त्या दिवशी फक्त अलीकडचा भाग: इंदिरानगर, चेतनानगर, राणेनगर, वडाळा-पाथर्डी रस्ता, फार तर पाथर्डी फाटा. आणि बाहेरगावच्या एका मोठ्या वेबसाइटकडून ज्या ऑर्डरी येतात त्या दिवसापुरत्या बंद.

या वेबसाइटबद्दल दोन वाक्यं लिहायलाच हवीत. गिऱ्हाईक पूर्ण रक्कम त्यांना भरतं, ते आपला वाटा कापून उरलेल्या पैशांत स्थानिक दुकानाकडून बुके करून घेतात. फोटो त्यांचा, दर त्यांचा, वेळ त्यांनी कबूल केलेली, आणि दारात उभं राहून बोलणी खायची दुकानाच्या पोरानं. सणाच्या दिवशी ऑर्डर नाकारली तर यादीत दुकान खाली सरकतं. ताईंना त्याची धास्ती होती. मी वहीतले आकडे काढून दाखवले: साध्या दिवशी या ऑर्डरींवर किरकोळ सुटतं, पण फुलांचा भाव दुप्पट झाला की प्रत्येक बुकेमागे घरचे पैसे घालावे लागतात. त्यांचा दर ठरलेला, गणेशवाडीतला भाव ठरलेला नाही.

शनिवार

वहिनींनी जानोरीकडच्या एका बागायतदाराशी गुरुवारीच फोनवर बोलून ठेवलं होतं. त्यांचा माल शनिवारी पहाटे तसाही गणेशवाडीत येणार होता, त्यातल्या काही गड्ड्या बाजूला काढायच्या, रोखीनं आणि बाजारभावानं. घासाघीस करायची नाही, हे वहिनींनी आधीच सांगून टाकलेलं. सणाच्या आदल्या दिवशी भाव पाडून मागणाऱ्याला माल मिळत नाही. त्या साडेचारला बाजारात होत्या, उजाडता उजाडता परत. मला विचाराल तर शनिवार तिथेच निभावला गेला, पुढचं सगळं नेहमीचं काम.

पण दुकान उघडल्यावर पहिली बातमी वाईट निघाली. शुक्रवारी उरलेली कार्नेशनची गड्डी मागच्या खोलीत बादलीत ठेवलेली होती. घरपोच देणारा पोरगा, सिडकोतला, कॉलेजात शिकतो, त्यानं रात्री मंडळाच्या प्रसादासाठी आणलेला केळ्यांचा घड त्याच खोलीत बादलीशेजारी ठेवला आणि खिडकी लावून घेतली. सकाळी सगळ्या कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून कागद चुरगळल्यासारख्या दिसत होत्या. पिकत्या केळ्यातून एथिलीन वायू सुटतो. फळ पिकवणारा हाच वायू फुलाला म्हातारं करतो, आणि कार्नेशन त्याला सगळ्यांत हळवं. बंद खोलीत एक रात्र पुरते. पोरगा बिचारा ओशाळला. “काकू, केळी तर पिशवीत होती,” एवढंच म्हणत राहिला. गड्डी टाकून दिली, तिची जागा शेवंतीनं घेतली.

सात ते दहा या वेळात काय चाललं होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण या धंद्याबद्दल लिहिणारे हा भाग सोडून देतात. तोडलेल्या फुलाची दांडी म्हणजे बारीक नळ्यांची मोळी. कोरडी राहिली की टोकाशी हवा शिरते, पाण्यात घाण असली की जंतू वाढून नळ्या बुजतात, दोन्हींत पाणी वर चढत नाही आणि मान पडते. वहिनी गुलाबाची गड्डी सोडतात, पाण्याखाली येणारी पानं आणि काटे ओरबाडून काढतात, धारदार सुरीनं दांडीचं टोक दोनेक सेंटीमीटर तिरकं कापतात आणि लगेच खोल बादलीत उभं करतात. कात्री वापरू देत नाहीत, कात्रीनं दांडी चेपते. बादली रोज घासलेली असते, पाण्यात ब्लीचचे चार थेंब आणि जरा साखर. जरबेऱ्याला मात्र उलटं. त्याची दांडी लवदार आणि मऊ, खोल पाण्यात सडते, म्हणून त्याच्या बादलीत चार बोटं पाणी. निशिगंधाची काडी घेताना खालच्या दोन-तीनच कळ्या उमललेल्या हव्यात, अर्धी काडी फुललेली असेल तर ती संध्याकाळी तपकिरी दिसणार. गुलाबाच्या बाहेरच्या मळक्या, डाग पडलेल्या पाकळ्या अलगद उपटायच्या. मग दोन-तीन तास काहीही करायचं नाही. फुलांना पाणी पिऊ द्यायचं.

हे दोन-तीन तास हाच ‘आजच घरपोच’मधला सगळ्यांत महाग भाग. आधीचा माल असेल तर तो रात्रभर पाणी पिऊन तयार असतो, ऑर्डर आली की पंधरा मिनिटांत बुके निघतो. त्या दिवशी आधीचा माल जवळपास नव्हताच. पाणी न पाजता बुके बांधला असता तर सकाळी अकराला तो सुंदर दिसला असता आणि रात्री नऊच्या व्हिडिओ कॉलला मान टाकली असती. ताईंनी दहापर्यंत एकही बुके बांधला नाही, त्या वेळात पूजेच्या फुलांचं गिऱ्हाईक आटपलं. आदल्या रात्रीच गिऱ्हाइकांना अकराची मुदत दिली होती, म्हणून हे जमलं. पाटीप्रमाणे चारची मुदत ठेवली असती तर फोन दिवसभर वाजत राहिले असते आणि प्रत्येकाला “बघते हं” असं सांगावं लागलं असतं. “बघते” म्हटलं की गिऱ्हाईक “हो” ऐकतं.

पाथर्डी फाट्याची एक ऑर्डर जवळून बघण्यासारखी आहे. न्यू जर्सीतल्या मुलाला आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला निळ्या ऑर्किडचा आणि लिलीचा बुके हवा होता. कुठूनतरी उचललेला फोटो त्यानं रात्री पाठवून ठेवलेला. ताईंनी सकाळी साडेसहाला फोन लावला, तिकडे रात्रीचे नऊ. ऑर्किड आज नाशिकमध्ये मिळणार नाही हे सरळ सांगितलं आणि विचारलं, “आईंना वास कुठल्या फुलाचा आवडतो?” तो जरा थांबला आणि म्हणाला, “निशिगंध. आमच्या जुन्या घराच्या अंगणात होता.” ठरलं: निशिगंध, पांढरे गुलाब, पिवळी शेवंती, 1100 रुपयांचा. माझ्या मते कॅटलॉग बंद केल्याचा खरा फायदा हा. फोटो असला की दुकान आणि गिऱ्हाईक दोघंही फोटोबद्दल बोलतात, ज्याला फूल जायचंय त्या माणसाबद्दल कुणी बोलत नाही.

पोरगा दुपारी तिथे पोहोचला तर दाराला कुलूप. सोसायटीच्या गणपतीबरोबर सगळे विसर्जनाला गेलेले. त्यानं काकांना फोन केला. “काका, तुमचं पार्सल आलंय.” पलीकडून, “आम्ही काही मागवलेलं नाही. ओटीपी-बिटीपी काही देणार नाही,” आणि फोन बंद. त्यांचं काही चुकलं नाही. म्हाताऱ्या माणसांना फोनवरून लुबाडायच्या इतक्या बातम्या येतात की अनोळखी नंबरवरून पार्सल म्हटलं की ते सावध होतात. फुलं आहेत म्हणून सांगावं तर मुलानं राखलेली गंमत फुटते. वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवावं तर दुपारच्या उकाड्यात निशिगंध तासाभरात मलूल. तापमान दहा अंशांनी वाढलं की फुलाचं श्वसन दुपटी-तिपटीनं वाढतं आणि आयुष्य तेवढं घटतं. शेवटी ताईंनी मुलाला मेसेज टाकला. तिकडे पहाट होती, तरी तो जागा होता. त्यानं शेजारच्या काकूंचा नंबर दिला. त्यांनी बुके घेतला, मोठ्या पातेल्यात पाणी घालून उभा ठेवला. संध्याकाळी पाचनंतर तो योग्य दारात गेला. तेव्हापासून ज्येष्ठांच्या घरची ऑर्डर घेताना शेजाऱ्याचा नंबर आधीच मागून घेतात, आणि दांड्यांच्या टोकाला ओला कापूस आणि प्लॅस्टिकची पिशवी बांधल्याशिवाय बुके दुकानातून निघत नाही.

एक ऑर्डर मात्र फसली. सिडकोतल्या जुन्या गिऱ्हाईकबाई, दर संकष्टीला जास्वंद नेणाऱ्या. त्यांनी दुपारी नातीच्या वाढदिवसाला बुके मागितला आणि ताईंना नाही म्हणवलं नाही. बोगद्यापलीकडे जायचं नाही हा नियम त्यांनीच मोडला. पोरगा संध्याकाळी सहाला निघाला आणि एका मंडळाच्या ढोलपथकामागे अडकला. मागे गाड्या, पुढे ताशा, बाजूला गल्ली नाही. केक कापून झाल्यावर, रात्री साडेनऊला तो पोहोचला. ताईंनी पैसे परत केले. बाई नको म्हणत होत्या, तरी केले. वहिनी दोन दिवस त्यावर बोलल्या नाहीत, जे बोलण्यापेक्षा वाईट होतं.

हिशेब

साध्या दिवशीचा 600 रुपयांचा बुके मी वहीत ढोबळमानानं असा मांडतो. काडीची फुलं 220. जिप्सी, पानं, कागद, रिबीन 60. पोराचे 50. वाया जाणाऱ्या फुलांचा हिस्सा 60. उरतात 210, त्यातून भाडं, वीज, रिक्षा आणि दोघींची मजुरी. यातला वाया जाणाऱ्या फुलांचा आकडा बहुतेक दुकानं मांडतच नाहीत. बादलीत काळी पडलेली गड्डी कुणाच्या खात्यावर घालायची, हे ठरलेलं नसतं, म्हणून ती कुणाच्याच खात्यावर पडत नाही आणि महिन्याअखेरीला गल्ल्यात पैसे का कमी, याचं उत्तर मिळत नाही.

त्या शनिवारी फुलांचा खर्च बुकेमागे जवळपास दुप्पट झाला. पण वाया गेलं ते फारच थोडं, कार्नेशनची गड्डी आणि एक बादली पाला. जे आणलं तेच विकलं. मागितलेलं फूल नव्हतं म्हणून बुके अडला नाही आणि कुणी मागितलं नाही म्हणून फूल उरलं नाही. ऑर्डरी एरवीच्या शनिवारच्या निम्म्याहून थोड्या जास्त, नफा मात्र जवळपास एरवीएवढाच. पोराच्या फेऱ्याही कमी झाल्या, कारण सगळं एकाच बाजूला असल्यामुळे एका खेपेत तीन-चार बुके जात होते.

यावरून आणखी एक पोरगा ठेवावा, ॲप करून घ्यावं, असे सल्ले ताईंच्या भाच्यानं दिले. माझा त्याला विरोध आहे. जास्त पोरं ठेवून जास्त लांब जाता येतं, पण फूल पहाटे जेवढं आणलं तेवढंच असतं. याउलट माझं आणि ताईंचं एका गोष्टीवर अजून पटलेलं नाही: जवळच्या ऑर्डरींना घरपोच फुकट. 400 च्या बुकेतून पोराचे 50 गेले की हातात काय राहतं ते मी लिहून दाखवलंय. ताई म्हणतात, समोरच्या सोसायटीत जायचे पैसे मागितले तर लोक हसतील. हसतील, हे मलाही मान्य आहे.

पितृपक्ष आणि पुढे

रविवारी ग्रहण रात्री 9:57 ला लागलं, पण दुकान दुपारपासूनच ओस. सोमवारपासून बाजार कोसळला. हे दिवस खरेदीला बरे, भाव पडलेले आणि माल मुबलक. विकायला वाईट, लग्नं नाहीत, वास्तू नाहीत, नवीन दुकानांची उद्घाटनं नाहीत. वहिनी दिवसाआड बाजारात जायला लागल्या. वाढदिवसाचे बुके चालू होते, त्यात शेवंती आणि निशिगंध जास्त, डच गुलाब कमी. ‘आजची फुलं’ ही पद्धत दोघींनी तशीच ठेवली. कॅटलॉग परत उघडला, पण त्यात आता दुकानात स्वतः बांधलेल्या बुकेंचे, तारीख घातलेले फोटो असतात. थोडे मळकट दिसतात, उजेड वाईट असतो. परगावचं गिऱ्हाईक काही प्रमाणात कमी झालं, ताईंना वाटलं होतं तसं. पण स्क्रीनशॉट पाठवून भांडणारंही कमी झालं. पाटीवरचा चारचा आकडा पुसून एक केला. सणाच्या दिवशी तो अकरा होतो, खडूनं.

वेबसाइटवाल्यांनी यादीत दुकान खाली टाकलं. त्यांच्या ऑर्डरी अजून अधूनमधून येतात, साध्या दिवशी दोघी घेतात.

घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. नवरात्रात कालिका देवीची यात्रा भरते आणि मुंबई नाक्याकडून येणं-जाणं अवघड होतं, त्यामुळे वहिनींची रिक्षा अर्धा तास आधी निघायला लागली. या वेळी त्यांनी घटाच्या माळांची आगाऊ नोंदणी घेतली: रोज सकाळी आठच्या आत दारात माळ, नऊ दिवसांचे पैसे आधी. दुकानाला याहून चांगली ऑर्डर असू शकत नाही. किती माळा, कुठल्या गल्लीत, कुठल्या वेळी, सगळं आदल्या आठवड्यात माहीत, पहाटे तेवढंच घ्यायचं. पोराची एक ठरलेली फेरी आणि वाया काही नाही. चाळीसेक घरांनी पैसे भरले.

फक्त त्या वर्षी एक तिथी वाढल्यामुळे नवरात्र दहा दिवसांचं आलं, दसरा 2 ऑक्टोबरला. पैसे नऊ माळांचे घेतलेले. वहिनींचं मत, दहाव्या माळेचे वेगळे मागावेत, पंचांग काही आपण छापलेलं नाही. ताईंचं मत, देवीच्या माळेला कुणाच्या दारात जाऊन पैसे मागायचे नाहीत. दहावी माळ फुकट गेली. वहिनींनी मला तिचा खर्च ताईंच्या नावानं जाहिरात खात्यात टाकायला सांगितलाय.